हार्ट फेल्युअरच्या पेशंटची सीपेट : आकडा कुठे बिघडतो आणि तो कसा सांभाळायचा

सीपेटच्या (कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्टच्या) रिपोर्टवर पीक व्हीओटू, म्हणजे व्यायामाच्या शिखरावर शरीर किलोमागे मिनिटाला किती मिली ऑक्सिजन घेतं तो आकडा, होता १२.६. पेशंट पुण्यातला, बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं हृदयाचं औषध) चालू, आणि हृदय-प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालायचं की नाही हा प्रश्न. आमच्याकडे फेरतपासणी केली तर आला ११.८. चार दिवसांत तब्येतीत काहीच फरक नव्हता. शोधता शोधता कळलं, की आधीच्या लॅबमध्ये मशीनला हवेचा दाब हाताने भरावा लागत होता आणि कुणीतरी तो मोबाईलवरच्या हवामानाच्या ॲपमधून उचलून भरला होता : ७५८. ॲप दाखवतं तो समुद्रसपाटीच्या हिशेबात बसवलेला दाब. पुणं साधारण ५६० मीटर उंचावर आहे, इथला खरा दाब ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो. एवढ्याशा चुकीने ऑक्सिजनचं माप सहा-सात टक्के फुगलं. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या पेशंटसाठी प्रत्यारोपणाचा विचार करण्याची रेघ आहे १२ : आकडा तिथे किंवा खाली आला की विचार सुरू.

हे लिहितोय ते लॅबमध्ये नव्याने लागलेल्या टेक्निशियनसाठी, फिजिओथेरपिस्टसाठी आणि ज्यांच्या अंगावर ही चाचणी अचानक येऊन पडते त्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी. सीपेट म्हणजे तोंडावर मास्क लावून पेशंटला सायकलवर किंवा ट्रेडमिलवर हळूहळू वाढता व्यायाम करायला लावायचा आणि प्रत्येक श्वासातली हवा, ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड मोजायचा. कमजोर हृदय स्नायूंना पुरेसा ऑक्सिजन पोचवू शकत नाही, म्हणून व्हीओटू लवकर अडतो. शिवाय तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला अशा पेशंटला जास्त हवा ओढावी लागते. या दोन गोष्टी नीट पकडायच्या, बस्स.

(नातेवाईक हमखास विचारतात, ‘पोलीस दारू पकडतात तेच का हे मशीन?’ नाही. श्वासातल्या ॲसिटोनवरून हार्ट फेल्युअर ओळखण्यावरही संशोधन झालंय, पण ॲसिटोन उपासानेही वाढतो आणि मधुमेहानेही. रोजच्या कामात आपल्या हाती आहे ती सीपेटच.)

टप्पा १ : आदल्या दिवशीचा फोन

हा फोन टाळू नका. चिठ्ठीवर छापलेल्या सूचना कुणी वाचत नाही, आणि ‘तपासणी’ म्हटलं की आपल्याकडे लोक रिकाम्या पोटी येतात. फोनवर एवढं सांगा :

- उपाशी येऊ नका. चाचणीच्या दोन-तीन तास आधी हलकं खा. भरपेट जेवून येऊ नका.
- रोजच्या गोळ्या रोजच्या वेळी घ्या. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं असेल तरच थांबवा.
- सकाळपासून चहा-कॉफी नको. तंबाखू, मिश्री, बिडी नको.
- सैल कपडे आणि पायात बसणारे बूट. साडी नेसणाऱ्या बायकांना सलवार किंवा पायजमा आणायला सांगा. पदर आणि निऱ्या पेडलमध्ये अडकतात.
- कवळी असेल तर घालून या, कानाचं मशीन असेल तर तेही.
- पेसमेकर किंवा आयसीडी (छातीत बसवलेलं, गरज पडली की हृदयाला शॉक देणारं यंत्र) असेल तर त्याचं कार्ड आणा.

सावध : बाहेरगावाहून एसटीने येणारा पेशंट लघवीची गोळी हटकून चुकवतो. वाटेत कुठे थांबायचं, हा त्याचा प्रश्न खरा असतो. पण अंगात पाणी साचलेल्या माणसाची सीपेट ही त्याच्या नेहमीच्या अवस्थेची सीपेट नव्हे. ‘गोळ्या घेतल्या का?’ असं विचारलंत तर ‘हो’ येतं. ‘लघवीची गोळी आज किती वाजता घेतली?’ असं विचारा, मग खरं काय ते कळतं.

टप्पा २ : मशीन, पेशंट यायच्या आत

निम्म्या चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

मशीन निदान अर्धा तास आधी चालू करा. थंड ॲनालायझरचं (गॅस मोजणाऱ्या भागाचं) कॅलिब्रेशन, म्हणजे माप जुळवणं, ‘पास’ होतं आणि वीस मिनिटांत सरकतं. मग या क्रमाने जा :

पहिलं, खोलीचं तापमान, आर्द्रता आणि दाब. दाब मशीनच्या सेन्सरचा किंवा खोलीतल्या बॅरोमीटरचा. ॲपचा नाही, विमानतळाचाही नाही. मुंबईत ही चूक लपून जाते, कारण तिथे दोन्ही आकडे जवळपास सारखेच असतात. घाटावर ती उघडी पडते.

दुसरं, व्हॉल्यूम. ३ लिटरच्या सिरिंजने हवा ढकला : काही झटके सावकाश, काही मध्यम, काही जोरात. सगळ्या वेगांना उत्तर ३ लिटरच्या ३ टक्के इकडे-तिकडे यायला हवं. सगळे झटके एकाच लयीत मारणं ही नेहमीची आळशी चूक. पेशंट विश्रांतीत संथ श्वास घेतो आणि शेवटी धापा टाकतो, मशीनला दोन्ही मोजता आलं पाहिजे. सिरिंज उन्हात किंवा एसीच्या झोतासमोर ठेवू नका.

तिसरं, गॅस. सिलिंडरमधलं मिश्रण (बहुतेक ठिकाणी १६ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन आणि ४ ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइड) आणि खोलीतली हवा, दोन्हींवर तपासा. ताज्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के असतो. बंद खोलीत सहा नातेवाईक उभे असतील तर ती ताजी हवा राहत नाही. सिलिंडरवर छापलेला आकडा आणि मशीनमध्ये भरलेला आकडा तोच आहे का, हे प्रत्येक नव्या सिलिंडरला बघा. प्रत्येक सिलिंडरचं मिश्रण थोडं वेगळं असतं.

चौथं, सॅम्पल लाइन. ही बारीक नळी श्वासातली हवा ॲनालायझरकडे नेते. तिच्यात पाण्याचा थेंब अडला की गॅसचा सिग्नल उशिरा पोचतो, आणि मशीन या श्वासाचा गॅस पुढच्या श्वासाच्या हवेशी जुळवतं. आकडे मोडके दिसत नाहीत, फक्त चुकीचे येतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, नळी वारंवार बदला. जंतुनाशकातून काढलेला टर्बाईन (हवेचा प्रवाह मोजणारी फिरकी) पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका.

तपासा : महिन्यातून एकदा तरी लॅबमधल्याच निरोगी माणसाला सायकलवर बसवा. २५ वॅटवर सहा मिनिटं, ७५ वॅटवर सहा मिनिटं. एका वॅटला साधारण १० मिली ऑक्सिजन लागतो, म्हणजे दोन्हींत मिनिटाला ५०० मिलीच्या आसपास फरक दिसला पाहिजे. त्याच माणसाचा आकडा मागच्या महिन्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक हलला तर माणूस नाही, मशीन बिघडलंय असं धरा. कॅलिब्रेशन हिरवं दिसत असतानाही ही गडबड या पद्धतीने सापडते.

टप्पा ३ : पेशंट समोर आल्यावर

आधी ठरवा, आज चाचणी घ्यायची का. कालपासून धाप वाढली आहे, रात्री उशा वाढवाव्या लागतात, पाय सुजलेत, वजन दोन-तीन दिवसांत चढलंय : परत पाठवा, डॉक्टरांना कळवा. नुकताच हार्ट ॲटॅक, अस्थिर छातीदुखी, आटोक्यात नसलेली अनियमित धडधड, लक्षणं देणारा महाधमनीच्या झडपेचा तीव्र आकुंचन-विकार, फुप्फुसात गुठळी, ताप : नाही म्हणजे नाही. खोलीत डॉक्टर, डीफिब्रिलेटर आणि ऑक्सिजन नसेल तर पेशंट धडधाकट असला तरी नाही.

मग वजन. काट्यावर उभं करून, आजचं, बूट काढून. केसपेपरवरचं वजन उतरवून घेणं ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्यासाठी भिंतीवर कागद चिकटवलाय. समजा पेशंट मिनिटाला ८०० मिली ऑक्सिजन घेतो. फाईलमध्ये वजन ६९ किलो, म्हणजे किलोमागे ११.६. पण मधल्या काळात औषधांनी पाणी उतरून तो ६४ किलोवर आलाय. खरा आकडा १२.५. माणूस तोच, दम तोच, फक्त काट्यावर उभं केलं नाही म्हणून तो रेघेच्या अलीकडचा पलीकडे गेला.

उंची मोजा. हिमोग्लोबिन लिहून घ्या, कारण रक्त कमी असेल तरी व्हीओटू खाली येतो आणि खापर हृदयावर फुटतं. शेवटी साधी स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) करा. एफईव्हीवन (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, लिटरमध्ये) गुणिले ४० केलं की तो माणूस मिनिटाला जास्तीत जास्त किती हवा हलवू शकेल याचा अंदाज मिळतो, आणि तो पुढे लागणार आहे. स्पायरोमेट्री चाचणीनंतर करू म्हणाल तर दमलेला पेशंट नीट फुंकणार नाही.

सावध : आयसीडी असेल तर तो किती ठोक्यांना शॉक देतो हे कार्डवरून बघा आणि त्याच्या किमान १० ते २० ठोके आधी थांबायचं, हे पाटीवर लिहा. ‘लक्षात आहे’ यावर भागवू नका.

टप्पा ४ : किती वॅटने वाढवायचं

चाचणीचा मुख्य भाग ८ ते १२ मिनिटांत संपला पाहिजे. फार वेगाने वाढवलं तर चौथ्या मिनिटाला पाय थकतात आणि हृदयाची कसोटी लागतच नाही. फार हळू वाढवलं तर पेशंट कंटाळून, बूड दुखून उतरतो.

हिशेब असा. वय ६० चा, १६५ सेंटिमीटर उंचीचा, ७० किलोचा पुरुष घ्या. बैठं काम करणाऱ्या पुरुषाचा अपेक्षित पीक व्हीओटू : उंची वजा वय, गुणिले २० (बाईसाठी १४). म्हणजे १०५ गुणिले २०, २१०० मिली. भाराशिवाय नुसती पेडलं फिरवायला लागतात १५० अधिक वजनाच्या सहापट, म्हणजे ५७० मिली. फरक भागिले १००, साधारण १५ वॅट दर मिनिटाला. पण हे निरोगी माणसासाठी. जिना चढताना मध्ये थांबणारा हार्ट फेल्युअरचा पेशंट याच्या निम्म्यावर पोचेल असं धरा : १०५० वजा ५७०, भागिले १००. मिनिटाला ५ वॅट. मशीनमध्ये आधीच सेट केलेला २० वॅटचा प्रोग्राम दाबायचा मोह इथेच आवरा.

सायकल की ट्रेडमिल? हार्ट फेल्युअरला मी शक्यतो सायकल घेतो : भार नेमका कळतो, ईसीजी स्वच्छ येतो, पडायची भीती कमी. पण जन्मात सायकल न चालवलेल्या आजींना पेडल मारता येत नाही, त्यांना ट्रेडमिल बरी. तिच्यावर व्हीओटू साधारण १० ते २० टक्के जास्त येतो, तेव्हा कशावर चाचणी केली हे रिपोर्टवर ठळक लिहा.

टप्पा ५ : मास्क, आणि स्वस्थ बसायची तीन मिनिटं

मास्कशिवाय दोन मिनिटं पेडल मारायचा सराव करून घ्या. सीटची उंची अशी, की पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. बोटांच्या खुणा ठरवा : अंगठा वर म्हणजे ठीक, हात छातीवर म्हणजे छातीत दुखतंय. मास्कमध्ये बोललं की श्वास तुटतो आणि आकडे नाचतात.

मग मास्क. नाकाच्या मुळाशी आणि हनुवटीखाली नीट बसवा. मास्कचं तोंड तळहाताने बंद करून पेशंटला हलकं फुंकायला सांगा आणि कडेने बोट फिरवा. हवा लागली तर साइज बदला, पट्टे आवळत बसू नका. दाढीवाल्यांना आणि गाल बसलेल्या वृद्धांना गळती नेहमीची.

तपासा : तीन मिनिटं स्वस्थ बसवून आरईआर (बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन) बघा. तो ०.७५ ते ०.८५ च्या आसपास हवा. १ च्या वर असेल तर पेशंट घाबरून भराभर श्वास घेतोय. खिडकीबाहेर बघायला सांगा, गावाकडच्या पाऊसपाण्याचं तुम्हीच बोला, त्याने ऐकायचं. आरईआर उतरेपर्यंत सुरू करू नका. आरईआर बरोबर, पण व्हीओटू किलोमागे ३.५ पेक्षा फारच कमी, तर गळती शोधा. तरीही नाही जमलं तर कॅलिब्रेशनकडे परत जा. पेशंट बसलाय, ओपीडी तुंबलीय, हे कारण चालणार नाही.

टप्पा ६ : प्रत्यक्ष चाचणी

दोन-तीन मिनिटं भाराशिवाय पेडल, मग रॅम्प, म्हणजे टप्पा ४ मध्ये ठरवलेला वाढता भार. फेरे मिनिटाला ६० च्या आसपास. एकाने मशीन बघायचं, एकाने पेशंट. दोघांनी मिळून स्क्रीनकडे बघणं हा लॅबमधला सगळ्यात धोकादायक क्षण. चेहरा पांढरा पडतोय, ओठ निळसर होतायत, डोळे स्थिर झालेत, हे स्क्रीनवर दिसत नाही.

दर दोन मिनिटांनी रक्तदाब. हँडल घट्ट आवळू देऊ नका, रक्तदाबाचं मापही बिघडतं आणि व्हीओटूही.

नाडीचं टार्गेट विसरा. ‘२२० वजा वय’च्या ८५ टक्क्यांवर थांबवणं ही साध्या स्ट्रेस टेस्टची सवय आहे. बीटा-ब्लॉकरवरच्या माणसाची नाडी तिथवर जातच नाही, आणि गेली तरी त्यावरून जोर लावल्याचं सिद्ध होत नाही. जोर पुरा लावला की नाही हे आरईआर सांगतो : १.१० पार झाला की समाधान. तो १.०० ते १.०५ मध्ये घुटमळत असेल आणि पेशंट हात वर करायच्या बेतात असेल, तेव्हाच तुमच्या आवाजाची गरज असते. ‘काका, अजून अर्धा मिनिट, थांबायचं मी सांगतो.’ पहिल्या मिनिटापासून आरडाओरडा केलात तर या वेळी तो ऐकू येत नाही.

सावध, लगेच थांबा : छातीदुखी, चक्कर, गोंधळलेलं बोलणं किंवा तोल जाणं, रक्तदाब चाचणीतल्या सर्वोच्च आकड्यापासून २० ने खाली, वरचा दाब २५० पार, सॅच्युरेशन ८० टक्क्यांखाली, ईसीजीत व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया किंवा नवा हार्ट ब्लॉक. इथे ‘अजून अर्धा मिनिट’ नाही.

टप्पा ७ : थांबवल्यावर

लगेच उतरवू नका. पायांत साठलेलं रक्त वर यायचं असतं. भार काढा आणि दोन-तीन मिनिटं नुसती पेडलं फिरवायला लावा, पुढेही आठ-दहा मिनिटं ईसीजी आणि रक्तदाब चालू ठेवा. मास्क काढल्याक्षणी पहिला प्रश्न : ‘कशामुळे थांबलात?’ पाय भरून आले, दम लागला की छाती दुखली, हे त्याच्याच शब्दांत लिहा. अर्ध्या तासाने विचारलंत तर उत्तर ‘दमलो’ एवढंच येतं.

टप्पा ८ : आकडे, आणि तेही याच क्रमाने

पीक व्हीओटूवर उडी मारू नका. आधी आरईआर बघा, आणि तो व्यायामाच्या शेवटच्या भागातला. थांबल्यानंतर आरईआर आणखी वर चढतो; तिथला १.१५ घेऊन ‘पूर्ण प्रयत्न’ लिहिलेले रिपोर्ट मी परत पाठवलेत. १.०५ च्या खाली असेल तर पीक व्हीओटूवर निर्णय टेकवू नये, व्हीई-व्हीसीओटूच्या उताराकडे (बाहेर टाकलेल्या कार्बन डायऑक्साइडमागे किती हवा ओढावी लागते ते दाखवणाऱ्या आकड्याकडे) वळावं. अशा अपुऱ्या चाचणीत ३५ च्या वरचा उतार प्रत्यारोपणाच्या विचारात धरला जातो.

दुसरं, श्वासाची शिल्लक. टप्पा ३ मध्ये काढलेल्या कमाल हवेच्या तुलनेत पेशंटने किती हलवली? १५-२० टक्क्यांहून कमी उरली असेल तर अडथळा फुप्फुसाचा असू शकतो. नुसत्या हार्ट फेल्युअरमध्ये शिल्लक बहुधा भरपूर असते. वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या पेशंटमध्ये दोन्ही सापडतं.

तिसरं, पीक व्हीओटू. शेवटच्या २०-३० सेकंदांची सरासरी घ्या, एकाच उंच उडीतला श्वास नको. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (ठोके अनियमित पडतात तेव्हा) हे आणखी जपा. वेबरच्या श्रेणी (पीक व्हीओटूवरून हार्ट फेल्युअरची तीव्रता ठरवणाऱ्या) अशा : २० च्या वर अ, १६ ते २० ब, १० ते १६ क, १० च्या खाली ड. प्रत्यारोपणासाठी रेघ १२, बीटा-ब्लॉकर सोसत नसेल तर १४. बायका आणि ५० च्या आतले पेशंट यांच्यात अपेक्षित आकड्याच्या ५० टक्के किंवा कमी, हेही बघतात. बीएमआय ३० च्या वर असेल तर चरबी वगळलेल्या वजनावर भागा, तिथे रेघ १९ आहे.

चौथं, व्हीई-व्हीसीओटूचा उतार. विश्रांतीचे आणि थांबल्यानंतरचे श्वास वगळून काढा. ३० च्या आत ठीक, ३६ पासून चिंता, ४५ आणि वर फार वाईट. शेवटचा वळलेला भाग धरायचा की नाही, याची लॅबची एक पद्धत ठरवा आणि ती रिपोर्टवर लिहा. आज धरला, सहा महिन्यांनी वगळला, तर तब्येत ‘सुधारलेली’ दिसेल.

पाचवं, आलेख डोळ्यांनी बघा. श्वास भरती-ओहोटीसारखा चढ-उतार करतोय का? विश्रांतीतल्या सरासरीच्या १५ टक्के किंवा जास्त उंचीच्या लाटा व्यायामाच्या ६० टक्के वेळ दिसल्या तर ती लहरी श्वसनाची खूण. पुढचा धोका सांगणारी, आणि सॉफ्टवेअर बहुधा न पकडणारी. या लाटांमध्ये ॲनेरोबिक थ्रेशोल्ड (स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडू लागतो तो बिंदू) बहुधा सापडत नाही. तेव्हा ‘ठरवता आला नाही’ असं सरळ लिहा. आरईआर १ झाला तो बिंदू थ्रेशोल्ड म्हणून खपवू नका.

पुढच्या वेळेसाठी

सहा महिन्यांनी हाच पेशंट परत येईल, तेव्हा तुम्ही सुट्टीवर असाल. सीटची उंची, मास्कचा साइज, रॅम्प किती वॅटचा, त्या दिवशीचं वजन, खोलीचा दाब, बीटा-ब्लॉकर आणि लघवीची गोळी किती वाजता घेतली, चाचणी किती वाजता झाली : हे सगळं एका कागदावर लिहून फाईलच्या आतल्या बाजूला चिकटवा. पेनने, पेन्सिलीचं सहा महिन्यांत पुसलं जातं.